खात्यात आले, म्हणून आपले झाले काय?

एप्रिल २०२० चा पहिला आठवडा होता. देशभर टाळेबंदी लागू होती. मशिदीत जमाअत बंद होती. अजान होत असे, पण नमाजी आपापल्या घरी नमाज अदा करीत. माझे वडील फेब्रुवारीत अल्लाहच्या दरबारी रुजू झाले होते आणि अम्मी इद्दतीत होती. वडिलांचा साधा मोबाइल तिने बंद केला नव्हता. रोज रात्री ती तो चार्जिंगला लावी. कुणाचा फोन येणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होते. एका दुपारी तो मोबाइल वाजला. बँकेचा संदेश होता : खात्यात २,००० रुपये जमा.

ही 'पंतप्रधान किसान सन्मान निधी'ची रक्कम होती. लाखांदूरपासून काही अंतरावर, वैनगंगेच्या बाजूला, आमची तीन एकर धानाची जमीन आहे. सातबारा वडिलांच्या नावावर होता, खाते वडिलांचे होते, फेरफार व्हायचा होता. ज्याच्या नावावर पैसे आले, तो माणूस कब्रस्तानात निजला होता.

धाकट्या भावाचे बाजारातील दुकान बंद होते. मशिदीकडून मला मिळणारे मानधन जुम्याच्या वर्गणीवर चालते. जुमा बंद तर वर्गणीही बंद. भावाजवळ वडिलांचे एटीएम कार्ड होते. त्याने पैसे काढले, अम्मीची औषधे आणि किराणा आणला. मी गप्प राहिलो. मसला मला ठाऊक नव्हता असे नाही. मदरशात मी तो शिकलो होतो, लोकांना शिकवतही होतो. तरी मी गप्प राहिलो. ऑगस्टमध्ये पुढचा हप्ता आला, तोही असाच खर्च झाला.

वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख त्या चार हजार रुपयांविषयी आहे आणि त्यांच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाविषयीही आहे. संकटकाळात शासनाकडून जे मिळते ते घेण्याचा अधिकार कुणाचा? कागदावर ज्याचे नाव आहे त्याचा, की ज्याच्यावर संकट कोसळले त्याचा? कायद्याने दिलेले सर्व काही आपोआप हलाल ठरते काय?

'जाइहा' : एक शब्द, दोन काळ

महामारीसाठी आजची अरबी भाषा 'जाइहा' हा शब्द वापरते. करोनाच्या काळात अरबी वृत्तपत्रांतून तो रोज छापला जात होता. हाच शब्द हदीसच्या ग्रंथांत आहे. तेथे त्याचा अर्थ पीक आणि मालमत्ता नष्ट करून टाकणारी आपत्ती असा आहे, मग तो पूर असो, टोळधाड असो वा गारपीट. शेतकऱ्याचे संकट आणि महामारी यांना एकच शब्द मिळावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

'सहीह मुस्लिम'मध्ये हजरत कबीसा (रजि.) यांची हदीस आहे. ते एका देण्याची जबाबदारी अंगावर घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यास आले होते. प्रेषितांनी (स.) त्यांना जे सांगितले त्याचा आशय असा की, मागणे केवळ तिघांसाठी उचित आहे. ज्याने इतरांमधील तंटा मिटविण्यासाठी देणे आपल्या अंगावर घेतले तो. ज्याची मालमत्ता 'जाइहा'ने नष्ट केली तो, आणि त्यानेही पुन्हा पायावर उभे राहीपर्यंतच मागावे. आणि ज्याच्या उपासमारीची साक्ष त्याच्याच लोकांतील तीन शहाणी माणसे देतील तो. याखेरीज जो मागून खातो तो निषिद्ध खातो.

या हदीसमध्ये मदतीचे तीन निकष दडलेले आहेत. मदतीला खरे कारण असावे, तिला मर्यादा असावी आणि गरजेची साक्ष असावी. आजच्या भाषेत ज्याला आपण पात्रता म्हणतो ती हीच. फरक इतकाच की, आज साक्ष देण्याचे काम तीन शहाण्या माणसांऐवजी सातबारा, आधार क्रमांक आणि बँक खाते करतात. कागद खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. पण कागद डोळ्यांनी पाहतही नाही.

त्या काळात नेमके काय मिळाले?

२६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे 'गरीब कल्याण' पॅकेज जाहीर केले. त्यात माणशी ५ किलो मोफत धान्य होते, जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये होते, रोजगार हमीची मजुरी १८२ वरून २०२ रुपये झाली होती आणि ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या आरंभीच २,००० रुपये देण्याची घोषणा होती. ही शेवटची रक्कम नवी नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील वार्षिक ६,००० रुपयांचा हा एक हप्ता, आधीच ठरलेला, लवकर देण्यात आला होता.

या योजनेचे नियम सर्वांना ठाऊक असावेत म्हणून थोडक्यात सांगतो. जमीन कुटुंबाच्या नावे असावी. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. म्हणजे पतीच्या आणि पत्नीच्या नावे वेगवेगळा सातबारा असला तरी लाभ एकच. प्राप्तिकर भरणारा अपात्र. चतुर्थ श्रेणी वगळता शासकीय नोकरीत असलेला वा निवृत्त झालेला अपात्र. १० हजार वा त्याहून अधिक मासिक निवृत्तिवेतन घेणारा अपात्र. व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते अपात्र. पुढे असे दिसून आले की, अपात्र असलेल्या अनेकांनी हप्ते उचलले होते. तहसील कार्यालयांमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या, आणि त्यांत चांगल्या स्थितीतील, शिकलेली माणसेही होती.

आता या नियमांत कोण नाही ते पाहा. जो दुसऱ्याची जमीन बटईने वा ठेक्याने कसतो, तो नाही. चिखलात वाकून रोवणी करणारी मजूर स्त्री नाही. नदीवर जाळे टाकणारा नाही. आमच्या भागात इटियाडोहच्या कालव्याचे पाणी, जुने मामा तलाव आणि वैनगंगा यांच्या भरवशावर धान पिकते. त्यातील कितीतरी बांध्या ज्याच्या नावावर आहेत त्याच्या हाताने पिकत नाहीत. आमच्या तीन एकरांचेही तसेच. माझ्या लहानपणापासून एक शेजारी गृहस्थ ती जमीन बटईने करतात. ते मुसलमान नाहीत. माझ्या वडिलांचा आणि त्यांचा करार कधी कागदावर आला नाही. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, मेहनत त्यांची, धान निम्मे-निम्मे.

मदत, भरपाई आणि अमानत

गावात या सर्व रकमांना एकच नाव आहे : 'पैसा आला'. पण मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते उगाच नाहीत. अनुदान वेगळे, मदत वेगळी, भरपाई वेगळी. शब्दांचा हा भेद शरीअतच्या विचारालाही उपयोगी पडतो. माझ्या अल्प अभ्यासानुसार अशा रकमांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार म्हणजे जी रक्कम आपली नाहीच, ती. खोटे विधान करून, अपात्रता लपवून वा मृत व्यक्तीच्या नावे आलेली रक्कम या प्रकारात मोडते. आमचे चार हजार रुपये असेच होते. भावाचे म्हणणे असे की, "अब्बांच्या नावाने आले नसते तर नाव बदलून आपल्या नावाने आलेच असते." त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण वारसांना नोंदणी करता येते. पण फिक्हचा नियम स्पष्ट आहे. मृत्यूबरोबर माणसाची नव्याने मालक होण्याची क्षमता संपते. त्याला दिलेली देणगी वैध होत नाही. म्हणून मृत्यूनंतर आलेली रक्कम वडिलांची झाली नाही. ती वडिलांची झाली नाही, तर त्यांचा वारसा म्हणून आमचीही झाली नाही. ज्याने ती पाठविली, त्याचीच ती राहिली. 'मिळाली असती' आणि 'मिळाली' या दोहोंमध्ये हक्क सिद्ध करण्याची एक पायरी आहे. ती पायरी न चढता आम्ही वरच्या मजल्यावर जाऊन बसलो होतो.

नाइलाज होता काय? शरीअत नाइलाजाला मान देते; जीव वाचविण्यासाठी निषिद्ध अन्नदेखील क्षम्य ठरते. पण त्या महिन्यांत रेशनचा तांदूळ आमच्या घरी आला होता. चूल विझली नव्हती. आमची अडचण खरी होती. ती 'इज्तिरार' नव्हती. अडचणीला नाइलाजाचे नाव देणे ही मनाची जुनी चलाखी आहे.

दुसरा प्रकार म्हणजे जी रक्कम नियमाने आणि सत्याने आपली आहे, पण आपली गरज फारशी नाही, ती. ही घ्यावी काय? प्रेषितांनी (स.) हजरत उमर (रजि.) यांना काही रक्कम दिली, तेव्हा ते म्हणाले की, माझ्यापेक्षा अधिक गरजवंताला द्यावी. प्रेषितांनी (स.) त्यांना ती घ्यावयास सांगितले; हवी तर जवळ ठेवावी, हवी तर दान करावी. हाव न धरता आणि न मागता जे येते ते नाकारण्याचे कारण नाही, असा त्या उपदेशाचा आशय. म्हणून पात्र असलेल्या शेतकऱ्याने सन्मान निधी घेण्यात काहीही गैर नाही. मात्र त्याच बांधीत राबणाऱ्या माणसाला काहीच मिळाले नाही, हे ज्याला दिसते त्याच्यासाठी येथे 'एहसान'चे दार उघडे आहे. हे बंधन नाही. कायद्याने नाही आणि फतव्यानेही नाही. पण ज्याला अल्लाहचे सान्निध्य हवे त्याने बंधनाच्या पलीकडेही पाहावे.

तिसरा प्रकार भरपाईचा आहे आणि सर्वाधिक गफलत तेथेच होते. भरपाई ही नुकसानीच्या बदल्यात येते. मग प्रश्न एकच : नुकसान कुणाचे झाले? शरीअतचे एक सर्वमान्य तत्त्व असे की, लाभ आणि जोखीम ही एकत्र चालतात. ज्याने तोट्याचा भार वाहिला, फायद्यावर अधिकारही त्याचाच. पीक बुडाले तेव्हा बटईदाराचे निम्मे पीक, निम्मा खर्च आणि सगळी मेहनत बुडाली असेल, तर भरपाई संपूर्णपणे जमीनमालकाने ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या तोट्याचा मोबदला आपल्या पेटीत टाकणे होय. हा एहसानचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

जेथे निश्चित रकमेच्या वा निश्चित खंडी धानाच्या ठेक्याने जमीन दिली जाते, तेथे तर मालकाचे काहीच बुडत नाही. तो आपला ठेका वसूल करतो. त्याने भरपाईही ठेवावी आणि ठेकाही घ्यावा, हे कोणत्या तोंडाने? फळबाग विकल्यानंतर आपत्तीने फळे नष्ट झाली, तर विकणाऱ्याने खरेदीदाराकडून काही घेऊ नये, अशी शिकवण हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. तेथेही तोच शब्द आहे : जाइहा. आपल्या भावाचे धन कशाच्या बदल्यात घेणार, असा सवाल त्यात केलेला आहे. या हदीसच्या कायदेशीर तपशिलाबाबत इमामांमध्ये मतभेद आहेत. तिच्या नैतिक आशयाबाबत नाहीत.

"सरकारचे पैसे, कुणाचे काय जाते?"

मोहल्ल्यात हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. काही जण याला पुढची जोड देतात : "सरकार आपल्याला एरवी काय देते? हाती लागेल ते घ्यावे." या बोलण्यामागे अनुभव असतील, दुःख असेल, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण युक्तिवाद म्हणून ते टिकत नाही. शासनाची तिजोरी मंत्र्याची नाही आणि अधिकाऱ्याचीही नाही. साबणाची वडी वा आगपेटी विकत घेणारी प्रत्येक विधवा त्या तिजोरीत भर घालते. तिच्यात हिंदू-मुसलमान सर्वांचे पैसे आहेत. आपल्यावर अन्याय झाला असेल, तर त्याचा बदला त्या विधवेच्या पैशातून कसा घेता येईल?

सार्वजनिक धनातील अपहाराला इस्लामी परिभाषेत 'गलूल' म्हणतात. 'आलि इमरान' या अध्यायात याविषयी कठोर ताकीद आहे : ज्याने जे दडविले, ते घेऊनच तो कयामतच्या दिवशी हजर होईल. खैबरच्या मोहिमेनंतर प्रेषितांच्या (स.) सेवेतील एक जण बाण लागून मरण पावला. लोक त्याला स्वर्गाची शुभवार्ता देऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, वाटणीपूर्वी त्याने उचललेली चादर त्याच्यावर आग होऊन भडकत आहे. हे ऐकून एक माणूस चपलेचा बंद घेऊन आला. एक साधा बंद! दोन हजार रुपये आपल्याला लहान वाटतात. त्या लोकांना चपलेचा बंदही लहान वाटला नाही.

यात आणखी एक अवघड गोष्ट आहे. एका व्यक्तीचा हक्क मारला, तर तिच्याकडे जाऊन क्षमा मागता येते. सर्वांचा हक्क मारला, तर कुणाकुणाकडे जाणार? तौबा करावयाची तर रक्कम परत करावी लागते. नुसते डोळे ओले करून भागत नाही.

"पण तहसीलदारांनीच यादी मंजूर केली, बँकेनेच पैसे टाकले," असेही म्हटले जाते. आमचे हनफी विद्वान 'कजा' आणि 'दियानत' असा भेद करतात. कजा म्हणजे न्यायाधीशासमोर जे ठरते ते; दियानत म्हणजे दास आणि अल्लाह यांच्यामध्ये जे ठरते ते. प्रेषितांनीही (स.) बजावले होते की, दोघे तंटा घेऊन माझ्याकडे येतात, एखादा अधिक वाक्पटू असतो, त्याचे ऐकून मी त्याच्या बाजूने निवाडा देईन, पण तो हक्क वस्तुतः त्याच्या भावाचा असेल, तर त्याने समजावे की त्याला आगीचा तुकडा मिळाला आहे. प्रत्यक्ष प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही परक्याचे धन आपले होत नसेल, तर संगणकाच्या यादीने कसे होईल?

नियम आंधळा असेल तर दोष कुणाचा?

येथे एक न्याय्य प्रतिप्रश्न उभा राहतो. बटईदाराला नियमानेच वगळले असेल, तर तो दोष नियम करणाऱ्याचा; त्याचे ओझे गावातल्या लहान जमीनमालकाच्या खांद्यावर का?

हजरत उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग या ठिकाणी मार्गदर्शक आहे. त्यांनी बैतुलमालमधून मिळणाऱ्या वेतनाची नोंदवही तयार करविली होती. मुलांना अंगावरचे दूध सुटल्यावर वेतन सुरू होत असे. मदीनेबाहेर एक काफिला उतरला होता आणि ते रात्री पहारा देत होते. एक बाळ सारखे रडत होते. त्यांनी आईला पुन्हा पुन्हा हटकले, तेव्हा तिने, समोर कोण आहे हे न जाणता, सांगितले की, उमर दूध सुटलेल्या मुलालाच वेतन देतो, म्हणून मी याचे दूध लवकर तोडते आहे. त्या पहाटे नमाज पढविताना रडण्यामुळे त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू आले नाही. नंतर त्यांनी दवंडी पिटविली की, जन्मलेल्या प्रत्येक मुलाला वेतन मिळेल. मुलांचे दूध घाईने तोडू नका.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकता येतात. एक, चांगल्या हेतूने केलेला नियमही बाळाला रडवू शकतो आणि तो बदलणे हे शासनकर्त्याचे कर्तव्य आहे. आपणही ते मागितले पाहिजे : बटईदाराची नोंद व्हावी, त्यालाही मदतीत स्थान असावे. दुसरी गोष्ट, नियम बदलेपर्यंतची रात्र कुणीतरी जागून काढावी लागते. हजरत उमर (रजि.) यांना ते रडणे ऐकू आले, कारण ते जवळ उभे होते. दिल्ली वा मुंबईत बसलेल्याला आमच्या बांधीत कोण राबते ते दिसणार नाही. आम्हाला दिसते. ज्याला दिसते त्याच्यावर जबाबदारी येते.

नोंद का होत नाही, हेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. विदर्भासाठी १९५८ चा कूळ कायदा आहे. बटईदाराचे नाव कागदावर आले, तर पुढे तो जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने मालक काही लिहून देत नाही. दुसरीकडे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा 'अल-बकरा' या अध्यायात पवित्र कुरआनच्या सर्वांत लांब आयतीने दिली आहे. आपण ती आयत पठण करतो आणि करार तोंडीच ठेवतो. ही भीती पूर्णपणे खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण न लिहिण्याचा फायदा आपण घेत असू, तर न लिहिल्यामुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या तोट्याची भरपाईही आपणच केली पाहिजे.

ऑगस्टअखेरचा पूर

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेले पाणी वैनगंगेला आले. भंडारा, पवनी, लाखांदूर तालुक्यांत नदीकाठ पाण्याखाली गेला. आमच्या तीन एकरांपैकी खालच्या बांध्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मी तेथे गेलो, तेव्हा आमचे बटईदार धुऱ्यावर बसले होते. धानावर गाळाचा थर होता. ते काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मला एप्रिलचे दोन हजार आणि ऑगस्टचे दोन हजार आठवले. मृत माणसाच्या खात्यात न चुकता पैसे येत होते आणि जिवंत माणूस धुऱ्यावर रिकाम्या हाताने बसला होता. घरी येऊन मी भावाला आणि अम्मीला सर्व मसला सांगितला. पाच महिन्यांपूर्वी सांगावयास हवा होता, तो तेव्हा सांगितला. भाऊ रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, "भाईजान, तुम्ही तेव्हाच बोलला असता तर मी कार्ड हातात घेतले नसते." त्याचे म्हणणे खरे होते. जाणणाऱ्याचे मौन हीदेखील एक साक्ष असते आणि ती चुकीच्या बाजूने जाते.

फेरफार झाला, चार हजार रुपये आम्ही शासनाकडे परत जमा केले. दोन महिने लागले, कारण हाती पैसा नव्हता. त्याची पावती वडिलांच्या कागदपत्रांत ठेवली आहे. पुढे २३ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य शासनाने अतिवृष्टी व पूरग्रस्तांसाठी १० हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. शेतीपिकांसाठी हेक्टरी १० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आमच्या बुडालेल्या बांध्यांच्या पंचनाम्याची जी काही मदत होती, ती यथावकाश अम्मीच्या खात्यात आली. ही रक्कम कायद्याने आमची होती. यावर कुणी नोटीस काढली नसती.

अम्मी म्हणाली, "बेटा, त्याचा निम्मा वाटा काढ. आणि ऐक, खैरात म्हणून देऊ नकोस. हिशेब म्हणून दे."

अम्मी कोणत्याही मदरशात गेलेली नाही. पण मी पानभर लिहून जे सांगू पाहतो ते तिने दोन वाक्यांत सांगितले. खैरातीत देणाऱ्याचा हात वर राहतो. हिशेबात दोन्ही हात समान पातळीवर असतात.

मी पैसे घेऊन गेलो. त्यांनी विचारले, "हे कायचे जी, मौलानाजी? सरकारनं तं तुमाले देल्ले."

मी म्हणालो, "बुडालेल्या धानाचे आहेत. निम्मे धान तुमचे होते."

ते आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि पाचशेची एक नोट माझ्यापुढे धरली. मागल्या हंगामात खतासाठी त्यांनी माझ्या वडिलांकडून पाचशे रुपये घेतले होते. त्याची नोंद कुठेही नव्हती. वडील गेले होते, आम्हाला कल्पनाही नव्हती. "चाचाचे रायले होते," ते म्हणाले. मी ती नोट घेतली, कारण ती वारसांची होती आणि तिच्यावर अम्मीचा, बहिणीचा हक्क होता. नको म्हटले असते, तर त्यांचा हिशेब मी खैरातीत बदलला असता.

खैबरच्या जमिनी प्रेषितांनी (स.) तेथील यहुदी शेतकऱ्यांकडेच निम्म्या बटईने ठेवल्या होत्या. पिकाचा अंदाज घेण्यासाठी हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) जात. शेतकऱ्यांनी त्यांना दागिने देऊ केले, तेव्हा त्यांनी ते नाकारले आणि मनातील नावड मला तुमच्यावर अन्याय करावयास लावणार नाही, असे बजावले. त्यावर ते शेतकरी उद्गारले की, आकाश व पृथ्वी याच न्यायावर उभी आहेत. बटईदार कोणत्या धर्माचा, हा प्रश्न न्यायाच्या तराजूत तेव्हाही नव्हता.

आजही हाच प्रश्न

करोना ओसरला; प्रश्न ओसरला नाही. सन्मान निधी चालू आहे. आता त्यासाठी ई-केवायसी करावी लागते आणि मृत माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, हे बरेच झाले. पण यंत्र बटईदाराला ओळखत नाही, ते नाहीच. धानाचा बोनस त्या काळी क्विंटलला ७०० रुपये होता. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले धान खपवून तो उचलणे हाही गलूलच, आणि थोड्या पैशांसाठी आपला सातबारा देणारा त्या पापात भागीदार. पुढे २०२२-२३ मध्ये बोनसऐवजी हेक्टरी १५ हजारांचे प्रोत्साहन आले. तेही सातबारा पाहूनच मिळते. ज्यांच्या घरी पती आणि पत्नी दोघांच्या नावे हप्ता येतो, जे प्राप्तिकर भरतात, ज्यांना निवृत्तिवेतन आहे, त्यांनी नोटिशीची वाट पाहू नये.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यात अशी घरे आहेत जी पात्र असूनही लाजेने मागत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते की, यांचे बरे चालले आहे. 'अल-बकरा' मध्ये अशा अब्रूदार गरजवंतांचा गौरवाने उल्लेख आहे. त्यांनी आपला हक्क घ्यावा, त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांना फॉर्म भरता येतो, अशा आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी त्यांचे फॉर्म भरून द्यावेत. अपात्राने सोडणे आणि पात्राला मिळवून देणे, ही एकाच अमानतीची दोन अंगे आहेत.

माझ्या वडिलांचा मोबाइल आता बंद आहे. अम्मीने तो कपाटात ठेवला आहे. कधी तो हाती आला की, त्या दुपारचा आवाज आठवतो. कयामतच्या दिवशी माणसाला धनाविषयी दोन प्रश्न विचारले जातील, असे हदीसमध्ये आले आहे : धन कोठून मिळविले आणि कोठे खर्च केले? खात्यात आले होते, हे उत्तर तेथे चालणार नाही.

सर्वोच्च अल्लाह आपल्याला हलाल उपजीविकेवर समाधान देवो, घेतलेले परत करण्याचे धैर्य देवो आणि आपल्या शेतात राबणाऱ्या हातांचा हक्क ओळखण्याची दृष्टी देवो. आमीन.